टीव्हीच्या पडद्यावरची आई

माझ्या आजीचा एकही फोटो नव्हता. ती गेली तेव्हा माझी आई कॉलेजात होती आणि मावशी शाळेत.

मावशीच्या लग्नानंतर काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर घेतला तो हिशेब शिकायला. हिशेब राहिले बाजूला, मशीनचा ताबा मावशीने घेतला. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवायचे, त्यांचे आकडे टाइप करायचे, की पडद्यावर ठिपके उमटत. त्या ठिपक्यांतून ती आजीचा चेहरा काढू लागली.

"भाजी करपली तरी चालेल, नाक वाकडं नको," काका चिडवायचे.

"तुमच्यासारखं झालं तर पुसून टाकीन."

शेवटचे फेरफार तिने पडद्याकडे बघतच केले, कागदावर उतरवले नाहीत. कपाळावरची आठी तशीच जमली. मग आईला बोलावणं गेलं.

आई पडद्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. "अगं, आता ओरडेल बघ ही!" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मशीन बंद केलं की चित्र जाणार. एरवी ते कॅसेटवर भरून ठेवता येई, पण टेपरेकॉर्डर दुरुस्तीला गेला होता.

"एवढंच ना? मी फोटो काढतो," काका म्हणाले. मित्राचा कॅमेरा आणला, खिडक्यांचे पडदे ओढले, अंधार झाला म्हणून फ्लॅश लावला. मावशी निर्धास्त होऊन आईला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली. परतली तर टीव्ही काळा.

"केवढं तापलं होतं ते! मीच बंद केलं," काका कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

फोटो धुऊन आला. त्यात काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा होता, आणि त्याच्यामागे कॅमेरा धरलेले काका.

"एकदा ओरड तरी," काका तिच्या मागे मागे फिरत राहिले. ती ओरडली नाही. कागदावरून पुन्हा आकडे टाकले, नाक आलं, डोळे आले. आठी काही येईना. कितीतरी दिवस खटपट करून तिने मशीन खोक्यात घातलं.

परवा मी माझा टॅब तिच्यापुढे ठेवला. "मावशी, आता नुसत्या बोटाने काढता येतं. बघ ना करून."

तिने बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"आईचा चेहरा आता आठवतच नाही गं. डोळे मिटले की ते चित्रच दिसतं, चौकोनाचौकोनांचं."

"मग तेच काढ की," काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

मावशीने टॅब पदराने पुसला आणि मला परत दिला.