पोटखराब, वर्ग अ

सात रस्त्याजवळच्या एका कार्यालयात मला कंत्राटी नोकरी मिळाली ती इंग्रजी येतं म्हणून. ग्रामपंचायतींना सौरऊर्जेसाठी केंद्राकडे निधी मागायचा तर अर्ज इंग्रजीत भरावा लागे. गावाकडून मराठी कागद यायचे, मी त्यांचं इंग्रजी करायचे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी मराठीच बोलतात, त्यामुळे शाळा सगळी इंग्रजीत झाली तरी मला मराठी येतं, असा सगळ्यांचा आणि माझाही समज होता. अडलेला शब्द कुणाला विचारणं मात्र मला जमत नसे. विचारलं की दोन-तीन माना वळतात. त्यापेक्षा अंदाज बरा.

होटगीच्या पुढच्या एका गावाचा अर्ज माझ्याकडे आला. तिथल्या पाण्याच्या मोटरीला वीज कधी मिळेल याचा नेम नव्हता. म्हणून गायरानावर सौर पॅनेल बसवून मोटर चालवायची, असा बेत होता. सोबत त्या जमिनीच्या सातबाऱ्याचा फोटो होता, कडेला कापला गेलेला. एका रकान्यात लिहिलं होतं: पोटखराब, वर्ग अ.

अर्जात एक प्रश्न असा होता की, गावात पर्यावरणाचा त्रास कोणाला सोसावा लागतो? मला वाटलं, सापडलं. पाणी वाईट, म्हणून पोटं खराब, आणि शासनाने त्याची नोंदही ठेवली आहे, वर्गवारीसकट. वर्ग अ म्हणजे सगळ्यात गंभीर असणार. मी मनापासून एक लांब परिच्छेद लिहिला. पुढचा प्रश्न होता, या जागेचा सध्या कोणी वापर करतं का? ग्रामसेवकांच्या टिपणात ‘जागा मोकळी’ असं होतं, म्हणून मी ‘नाही’ भरलं.

अर्ज पाठवायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवायचा होता. साहेब रजेवर होते, म्हणून मला जावं लागलं. शाळेच्या व्हरांड्यात लोक बसले होते. मी कागदात डोकं घालून वाचू लागले आणि त्या परिच्छेदाशी आले. “या गायरानात लोकांना पोटाचे गंभीर विकार असून त्याची नोंद सातबाऱ्यावर आहे.”

सरपंच ग्रामसेवकांकडे वळून म्हणाले, “भाऊसाहेब, तलाठी सातबाऱ्यावर आता जुलाबबी चढवायला लागलं व्हय?”

व्हरांडा हसत सुटला. ग्रामसेवकांनी डोळे पुसत मला समजावलं, “मॅडम, पोटखराब म्हणजे पेरता न येणारी जमीन. खडक, मुरूम, असली.”

“आणि वर्ग अ?” मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

“लई आजारी जमीन,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा सगळे हसले.

माझे कान तापले होते. नजर कुठे ठेवावी म्हणून मी पायऱ्यांकडे पाहिलं. तिथे एक मावशी गुडघ्यांवर काठी आडवी ठेवून बसल्या होत्या. मेंढरं राखणाऱ्या. त्या हसल्या नव्हत्या.

“पेरत न्हाय म्हणून खराब व्हय?” त्या म्हणाल्या. “आमची मेंढरं तितंच चरत्यात. आमचं पोट त्याच्यावर भरतंय की. बाई, त्या जागंबद्दल आनि काय लिवलंय?”

मी गप्प राहू शकले असते. मला त्याची सवय होती. पण त्या थेट माझ्याकडे बघत होत्या. “जागा कोणी वापरत नाही, असं लिहिलंय,” मी म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही.

“मावशी,” सरपंच म्हणाले, “वापर हाय म्हणून लिवलं की अर्ज माघारी येतोय. मग मोटर राहिली. हंडा घिऊन तूच बसतीस की नळापाशी.”

“बसते की. पानी मलाबी पायजे. पर मेंढरं कुटं नेऊ? तुझ्या वसरीत बांधू?”

दोघांचंही खरं होतं. माझ्या पिशवीत पॅनेलचा आराखडा होता, त्यात पॅनेलची खालची कड गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. “खांब उंच केले तर खालून मेंढरं जातील,” मी म्हणाले. कोणी न विचारता त्या दिवशी मी सुचवलेली ही पहिली गोष्ट.

“मेंढरं जातील. मावशीचं टकुरं?” सरपंच म्हणाले.

मावशी उठल्या आणि काठी जमिनीवर उभी धरली. काठीचं टोक त्यांच्या डोक्याच्या वर गेलं. “ह्या काठीच्या वर पायजे. मी माझ्या गायरानात वाकून चालनार न्हाय.”

सरपंचांनी काठीकडे पाहिलं, मग नळाच्या दिशेला. “माप घ्या भाऊसाहेब,” ते म्हणाले. शाळेतून टेप आला. ग्रामसेवकांनी काठी मोजली.

मी पायरीवरच लॅपटॉप उघडला. पोटाचा परिच्छेद पुसला, ‘नाही’चं ‘होय’ केलं आणि खांब काठीहून उंच असतील असं जोडलं. मावशी शेजारी बसून प्रत्येक वाक्याला विचारायच्या, “आता काय लिवलं?” मी मराठीत सांगायचे.

“इथे गावाची मेंढरं फिरतात.”

“फिरायला ती काय बागंत आल्यात? चरत्यात म्हन.”

मी बदललं. त्या दिवशी माझी इंग्रजी वाक्यं फार छोटी झाली.

अर्ज माघारी आला नाही. फक्त एक शंका आली: खांब इतके उंच कशासाठी? उत्तरादाखल मी काठी घेतलेल्या मावशींचा फोटो जोडला आणि खाली उंची लिहिली. निधी मंजूर झाला.

परवा पाहणीसाठी त्या गावी गेले होते. मोटर भर दुपारी चालू होती. पॅनेलच्या सावलीत मेंढरं दाटीवाटीने बसली होती आणि त्यांच्यामधून मावशी ताठ चालत आल्या.

“काय बाई, पोट बरं हाय का?”

“वर्ग अ,” मी म्हणाले.