हिरोला पुण्याला पाठवलं आणि घरात भांडण लागलं

मंडळी, आज माझ्या कथेवरून आमच्या पडेगावच्या घरात भांडण झालं.

मी इथं प्रेमकथा लिहिते, तुम्हाला माहीतच आहे. कालच्या भागात शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतला माझा हिरो हिरोईनला मनातलं काहीच न सांगता पुण्याला निघून गेला. सासूबाईंनी ते आज सकाळी वाचलं आणि थेट स्वयंपाकघरात आल्या.

"इथली चांगली नोकरी सोडून कशाला पाठवलंस गं त्याला? परत आण अन् लग्न लाव दोघांचं."

पेपर वाचत बसलेले सासरे मध्येच बोलले, "नको लावू, सूनबाई. लग्न झालं की स्टोरी खलास! पुढं कोण वाचतंय?"

सासूबाई गर्रकन वळल्या. "म्हणजे? लग्नानंतर काहीच नसतं व्हय?"

सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

त्यानंतर सासूबाईंचा अबोला. दुपारी सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. दूध उतू गेलं, साखर लई झाली. कप सासूबाईंपुढं ठेवून नुसते उभे राहिले. मी दारातून बघत होते.

सासूबाईंनी सगळा चहा संपवला. मग म्हणाल्या, "साखर कमी टाकत जा."

"टाकत जा" ऐकून सासरे जसे लाजले ना, तसा माझा हिरो कधी लाजला नाही!

खरं सांगा, लग्न झालेल्या जोडप्याची प्रेमकथा लिहिली तर वाचाल का?