कडुनिंबापाशी द्यायचा ठोका

खबर फोनवर आली. सकाळचे साडेनऊ झाले असतील, मी ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होतो. उस्मानची मुलगी शबाना बोलत होती. "काका, अब्बा नहीं रहे. जोहर के बाद ले जाएँगे." म्हणजे दुपारच्या नमाजानंतर. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. टोस्ट चहात विरघळला होता तो चमच्याने काढून खाल्ला, आणि मग ध्यानात आलं की पोरीला आपण नुसतं बरं म्हटलं. सारा जन्म ज्याच्याबरोबर काढला तो गेला, आणि तोंडातून निघालं काय, तर बरं...

त्याचा चाळिसावा दिवसही होऊन गेला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण उस्मान मास्तरवर कुणीतरी लिहिलं पाहिजे, आणि दुसरा कुणी लिहील तर चुकीचं लिहील. म्हणून पेपराच्या पुरवणीवाल्यांना सांगतो, वेलांट्या सुधारा, मजकुराला हात लावू नका.

आमच्या देवासची गोष्ट बाहेरच्यांना आधी सांगावी लागते. गाव एक आणि राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या भावाच्या वंशाची एक गादी, धाकट्याच्या वंशाची दुसरी, आणि मधून एक रस्ता. रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं. दोन दरबार, दोन कचेऱ्या, दोन बँड. माझे वडील थोरल्या पातीच्या बँडात मोठा ढोल वाजवायचे. उस्मानचे वडील, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, धाकट्या पातीच्या बँडात क्लॅरिनेटवर. उस्मान माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी त्याला जन्मभर 'धाकट्या' म्हटलं आणि त्याने मला 'थोरल्या'. नवीन माणूस गोंधळायचा. उस्मान त्याला गंभीर तोंड करून सांगायचा, "हा परराज्यातला आहे. आम्ही याला दया म्हणून ठेवून घेतलाय." आणि सांगायचा मराठीत. दरबाराची भाषा मराठी होती, तेव्हा चाचांनी घरात ती शिस्तीने शिकवलेली. माझ्या बोलण्यात हिंदी आली की उस्मान टोकायचा, "अरे मराठा ना तू? नीट बोल."

राज्यं गेली तेव्हा मी मांडीवर होतो, तरी ती हकिकत मला डोळ्यांनी पाहिल्यासारखी पाठ आहे, कारण वडील आणि चाचा ती हजार वेळा भांडत भांडत सांगायचे. देशाचा झेंडा मैदानावर पहिल्यांदा लागायचा होता आणि दोन्ही बँडांना मिळून नवी धून वाजवायची होती. सुरांचा कागद आला, पण तो वाचता येणारा कुणी नव्हता, आमचं सगळं कानावर. आठ दिवस तालीम झाली. आणि ऐन वेळी झेंडा वर गेला, लोक ताठ उभे राहिले, तसा माझ्या वडिलांचा हात सवयीने थोरल्या पातीच्या सलामीवर गेला. ती ऐकल्यावर चाचा कसले गप्प बसतात, त्यांनी धाकट्या पातीची सलामी उचलली. बाहेरून आलेला साहेब बिचारा कपाळाला सलामीचा हात लावून शेवटपर्यंत उभा. त्याला वाटलं, नव्या देशाची धून अशीच असेल. दोघांचीही नोकरी त्याच महिन्यात गेली. धुनीमुळे नाही, बँडच मोडले म्हणून. मग दोघांनी मिळून लग्नाचा बँड काढला, त्यात पुढे वडिलांचा ढोल माझ्याकडे आला आणि चाचांची क्लॅरिनेट उस्मानकडे. चाचा म्हणायचे, "सरकारने दोन पात्या एक केल्या त्या कागदावर. खऱ्या एक केल्या त्या आम्ही, पोटासाठी."

त्याच दिवसांत चाचांचे सख्खे भाऊ कराचीला गेले. ते चाचांनाही बोलवायला आले होते. चाचा म्हणाले, "मी धाकटी पाती सोडून समोरच्या थोरल्या पातीत कधी राहायला गेलो नाही, कराचीला कुठला जातो?" उस्मानला पुढे कुणी वाकडा प्रश्न विचारला, तू कुठला, तुझा देश कोणता, की तो हेच सांगायचा. रागवायचा नाही. मी मात्र रागवायचो, आणि तो मलाच गप्प करायचा.

आमच्या बँडाची एक रीत होती, ती वडिलांनी आणि चाचांनी घातलेली. वरातीच्या वाटेवर मशीद येते. तिच्या फाटकाशी पोचलं की उस्मान क्लॅरिनेट ओठांवरून खाली घ्यायचा, मी ढोलाचं टिपरू काखेत मारायचो, सगळा बँड मुका. तसे बत्तीस पावलं चालायचं, पुढच्या कडुनिंबापर्यंत. नमाजाची वेळ असो की नसो. कडुनिंबाशी मी ढोलावर एक ठोका द्यायचा आणि उस्मान गाणं जिथं सोडलं होतं नेमक्या त्याच सुरावर उचलायचा. तान अर्धी सोडलेली असली तर राहिलेली अर्धी. लोकांना वाटायचं ही जादू आहे. जादू कसली, ती बत्तीस पावलं गाणं आमच्या दोघांच्या डोक्यात चालूच असायचं. पुढे देवळात आरती चालू असली की तिथंही हीच रीत, आणि तिथं हात वर करून बँड थांबवायचा तो उस्मान. कुणाच्या दारात सुतक असेल तर तिथंही. एखाद्या वरातीत आम्ही वाजवण्यापेक्षा थांबलोच जास्त. नवरदेवाचा बाप कुरकुरला तर उस्मान म्हणायचा, "शेटजी, वाजवणारे पुष्कळ मिळतील. कुठं थांबायचं ते कळणारे आम्हीच."

धार, नालछा, सतवास, सगळीकडे वाजवलं आम्ही. धारचं काम आलं की उस्मान मुहूर्ताच्या आधी वार विचारायचा. तिथं एका जुन्या जागेवर दोघांचाही हक्क सांगणं चालू आहे, ठरल्या वारी पोलीस उभे असतात, रस्ते बंद होतात. त्याची सासुरवाडी धारची, म्हणून त्याला ते फार लागायचं. एकदा परत येताना बसमध्ये म्हणाला, "आपल्याकडे एका रस्त्यावर दोन राजे नांदले, कुणाला जागा कमी पडली नाही." मी म्हटलं, "नांदले कसले, गटार कुणी साफ करायची यावर भांडत होते." तो हसला. "भांडू दे की. पण रस्ता कुणी पळवून नेला का?"

आता ते लिहितो, ज्यासाठी लिहायला बसलो.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर डीजेच्या गाड्या आल्या होत्या, आमच्यासारख्यांना बोलावणी कमी. एक वरात मिळाली. सकाळी सामान काढताना उस्मान सगळ्यांसमोर मला म्हणाला, "थोरल्या, हात जड झालाय तुझा. पुढच्या साली घरी बस." खरं होतं ते. पण खरं होतं म्हणूनच झोंबलं. दिवसभर मी त्याच्याशी बोललो नाही. संध्याकाळी वरात मशिदीशी आली, उस्मानने क्लॅरिनेट खाली घेतली, मी टिपरू काखेत मारलं. नवरदेवाचे दोस्त बाहेरगावचे होते. त्यातला एक पुढे आला. "रुक क्यों गए मास्टरजी? यहीं तो बजाना है." उस्मान चालत राहिला. मग तो पोरगा माझ्याकडे वळला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, ये नहीं बजाएँगे. तुम तो अपने हो."

तुम तो अपने हो. सकाळपासून मनात जे सलत होतं त्यावर हे बरोबर जाऊन बसलं. मी ढोल वाजवला. मला कुणी धाक घातला नव्हता, हे स्वच्छ लिहितो. जड झालेला हात किती चालतो ते एकाला दाखवायचं होतं, म्हणून वाजवला. ढोल सुरू झाला तसे ताशेवाले सुरू झाले, मग तुतारीवाले. पोरं नाचली. उस्मान ती बत्तीस पावलं खाली मान घालून, क्लॅरिनेट छातीशी धरून चालला. कडुनिंबाशी आल्यावर त्याने सूर उचलला नाही. रांगेतून बाहेर झाला, क्लॅरिनेटचे भाग सुटे केले, फडक्याने पुसले, पेटीत ठेवले आणि गल्लीने घरी गेला.

दंगा झाला नाही. पेपरात काही आलं नाही. पोलीसचौकीला पत्ता नाही. एका माणसाने पेटीचं झाकण लावलं, एवढंच झालं. त्यानंतर त्याने ती लोकांसमोर कधी उघडली नाही.

मी गेलो नाही त्याच्याकडे. आज वाटतं दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो असतो तर चार शिव्या देऊन त्याने चहा पाजला असता. पण माझं म्हणणं, सगळ्यांसमोर आधी तो बोलला. आठ दिवस गेले, मग वर्ष गेलं, आणि वर्ष गेल्यावर कोणत्या तोंडाने जायचं? बायकांनी आमची वाट पाहिली नाही. ईदला शबानाची आई शीरखुर्म्याचा डबा पाठवायची, दिवाळीला तोच डबा चकल्या-करंज्या घेऊन परत जायचा. चौदा वर्षं डबा रस्ता ओलांडत राहिला, आम्ही दोघं नाही. आमची ही म्हणायची, "डब्याला अक्कल आहे, तुम्हाला नाही."

यंदा संक्रांतीनंतर कळलं की उस्मानच्या छातीत काही राहिलं नाही, श्वास पुरत नाही. तेव्हा गेलो. हातात तिळाच्या वड्या, म्हणजे कारण असावं म्हणून. खोलीत खाटेवर पडलेला, उशाला ती काळी पेटी. मला पाहिलं आणि म्हणाला, "काय रे थोरल्या, वाट चुकलास?"

"तुझ्या राज्यात चुकायला वाटा आहेत कुठे? एकच गल्ली."

"जकात दे मग."

मी वड्या दिल्या. त्याला चावत नव्हत्या, त्याने एक तुकडा जिभेवर ठेवला. गुडघ्यांचं बोललो, डॉक्टरचं बोललो, कोण कोण गेलं ते मोजलं. जे बोलायला गेलो होतो ते सोडून मी पुन्हा गुडघ्यांवर यायचो. मग त्याने डोळे मिटले आणि त्याची बोटं चादरीवर हलायला लागली. मी बोटांवरून गाणं ओळखलं, वरातीचं आमचं नेहमीचं. फुंकायला श्वास नव्हता, बोटं मात्र एक जागा चुकत नव्हती. ऐन तानेच्या मध्यात बोटं थांबली. चादरीवर तशीच उचललेली राहिली...

मला वाटलं, झोप लागली. मी थोडा वेळ बसलो. शबाना चहा घेऊन आली, तिला खुणेने नको म्हटलं, चपला घातल्या आणि निघालो. मशिदीच्या फाटकाशी आलो तेव्हा डोक्यात लख्ख झालं. त्याला झोप लागली नव्हती. त्याने गाणं मशिदीशी आणून सोडलं होतं. तो कडुनिंबाशी माझ्या ठोक्याची वाट पाहत होता. खाटेच्या लाकडावर एक बोट आपटलं असतं तरी पुरलं असतं. चौदा वर्षांचं सगळं त्याने मला एका ठोक्यात फेडायला दिलं होतं, आणि मी झोप लागली म्हणून उठून आलो.

मागे फिरलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. माझा उद्या कसा असतो तो आमच्या हिला विचारा. आणि मग शबानाचा फोन आला.

त्या दिवशी मी जोहरच्या आधीच जाऊन मशिदीबाहेर उभा राहिलो. आत नमाज झाला, लोक जनाजा घेऊन बाहेर आले. शबानाच्या नवऱ्याने मला पाहिलं, बाजूला सरला आणि म्हणाला, "आइए काका." मी फाटकाशी खांदा दिला. सगळे मुके, झपाझप चालत होते, त्यांच्याबरोबर माझी पावलंही जुन्या मापाने पडत होती. मी मनात पावलं मोजत होतो, आणि गाणं चालू होतं, तानेच्या मध्यापासून पुढे. तीस, एकतीस, बत्तीस. कडुनिंबाच्या जागी आलो. आणि माझे दोन्ही हात दांड्याला होते. ठोका द्यायला हात मोकळा नव्हता. मागून कुणी म्हणालं, "काका, अब हमें दीजिए," आणि खांदा बदलला.

कडुनिंब आता नाही. रस्ता रुंद केला तेव्हा तोडला, तिथं विजेची डीपी उभी आहे. नव्या पोरांना विचाराल तर झाड कुठं होतं ते सांगता येणार नाही. मला येतं. रोज संध्याकाळी फाटकापासून ती बत्तीस पावलांची वाट चालतो. वयाने पावलं आखूड झाली, आता बत्तिसात पोचत नाही, चाळीस लागतात. पोचलो की काठी जमिनीवर एकदा आपटतो. लोकांना वाटतं म्हातारा दम खायला थांबला. मी दम खात नाही. ठोका दिल्यावर सूर उचलायला त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबतो... आणि मग आणखी थोडा.