नावेत जागा न्हाई

माझं लग्न ठरलं तेव्हा अंबडला आमच्या गल्लीतल्या बायका आईला म्हणाल्या, "पोरगी गंगेत दिलीस की गं." त्यात फार खोटं नव्हतं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि माझं सासर त्या गंगेच्या मधोमध एका बेटावर होतं. नदी वर फुटायची, गावाच्या दोन्ही अंगांनी वाहायची आणि खाली पुन्हा एक व्हायची. तीसेक घरं आणि नदीनं आणून टाकलेली काळी जमीन, एवढंच गाव. उन्हाळ्यात अलीकडची धार गुडघ्यावर यायची, तेव्हा बैलगाडी पाण्यातून जायची. बाकीचे आठ महिने नाव. नावेतून उतरायचं, दीड कोस चालून सडकेच्या फाट्यावर यायचं आणि मोटारीची वाट बघत बसायचं.

नावेचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतलेला माणूस अलीकडच्या काठावर राहायचा. बेटावरचं प्रत्येक घर सुगीला त्याला ज्वारी घालायचं आणि त्यानं आम्हाला वर्षभर न्यायचं-आणायचं, असा ठराव होता. हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढं जे झालं त्याबद्दल लोक मला म्हणत आले, "गुत्तेदारानं जरा दया दाखवायला पाहिजे होती." दया कसली? नाव आमच्या ज्वारीवर चालत होती.

माझे सासरे, मामंजी, हे तोंडातून शब्द न काढणारे माणूस. मी लग्न होऊन आले त्याला चार वर्षं झाली होती, पण ते माझ्याशी सरळ बोलले नव्हते. भाकर पाहिजे असली तर भिंतीकडं बघून म्हणायचे, "वाढा म्हणावं." सासूबाई आधीच गेलेल्या. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ज्या माणसानं नुसत्या पाण्याच्या रंगावरून धार कुठं खोल आहे ते सांगावं, तो दाराची चौकट चाचपडायला लागला. एकदा उकळत्या हंड्यात हात घातला त्यांनी. तेव्हा मी मालकांना, म्हणजे त्यांच्या लेकाला, म्हणाले, "जालन्याला न्या त्यांना. तिथं डोळे करतेत."

मालक म्हणाले, "हरभऱ्याची पेरणी राह्यली. तूच घेऊन जा. तुला जालना बराबर माहीत हाय."

पेरणीला दोन भाऊबंद होते. खरं कारण हे की मालकांना मोटारीची भीती वाटायची आणि दवाखान्याची त्याहून जास्त. मी बावीस वर्षांची होते. सून आणि सासरा, असे आम्ही दोघं निघालो. मला मालकांचा राग आला होता, तो मी दातांखाली धरून ठेवला.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीमागं कोळशाची भट्टी लावलेली असायची. चढ आला की मोटार धापा टाकायची, मग उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. मामंजी तेवढे आत बसून राहिले. जालन्याला पोचेपर्यंत आम्ही दोघं काजळीनं काळे झालो होतो.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना दहा दिवस उताणं निजवलं. मी घास भरवायची, पाणी पाजायची, सगळं करायची. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि विचारलं, "काय दिसतं?" मामंजींनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "पोरी, तुझ्या कपाळाला खोक पडल्याचा डाग हाय. कधी लागलं?"

चार वर्षांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं ते. मी सांगितलं, लहानपणी आडाच्या काठावर पडले होते. ते मान हलवायला गेले, तर डॉक्टरीणबाई ओरडल्या. मान हलवायची नाही. वाकायचं नाही. धक्का बसू द्यायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. पंधरा दिवस. हे सगळं त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि पट्टी परत बांधली.

मार्गशीर्षात आम्ही परत निघालो. जालन्यात ड्रायव्हरला मी पट्टी दाखवली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तो भला वाटला. त्यानं मामंजींना स्वतःच्या शेजारी, पुढच्या बाकावर बसवलं. तिथं हादरे कमी. अंबडपर्यंत ठीक आलो.

अंबडला मोटार थांबली ती थांबलीच. कोणी मोठा अंमलदार शिकारीला बेटाकडं येणार होता आणि त्याचे दोन नोकर सामान घेऊन पुढं निघाले होते. तंबू, ट्रंका, कोंबड्यांचा झाप आणि साखळीला बांधलेली दोन कुत्री. त्यांतला एक नोकर पुढच्या बाकाशी आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "उठाव बुढ्ढे को. साब का सामान है."

मी म्हणाले, "ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. धक्का बसला तर डोळा जाईल."

तो माझ्याकडं बघेनासुद्धा. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "बाई, पाठीमागं बसवा त्यांना. माझी रोजी जाईल." मोटारीत वीसेक माणसं होती. पागोटी होती, टोप्या होत्या, एक मिशीवाला पाटील होता. एकानंही तोंड उघडलं नाही. शेवटच्या बाकावरची एक मारवाडी आजी तेवढी सरकली. तिनं आपली गोधडी चौपदरी करून मामंजींच्या खाली घातली आणि मला म्हणाली, "डोकं तू धर, खांदे मी धरते."

भट्टीच्या अगदी पुढ्यात ते बाक. सडक म्हणजे नुसते खड्डे. त्या अडीच तासांत मी मामंजींचं डोकं दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या घागरीसारखं धरून बसले होते. पुढच्या बाकावर कुत्री झोपली होती.

फाट्यावर सामानासाठी बैलगाडी उभी होती. आम्हाला गाडीत घ्या म्हणाले, तर नोकर हसला. गाडीच्या धुळीत आम्ही दीड कोस चाललो. मामंजींच्या पट्टीवर मी पदर धरला होता. ते एवढंच म्हणाले, "जल्दी करू नको. नाव काय पळून जात न्हाई."

घाटावर पोचलो तेव्हा सामान नावेत चढत होतं. गुत्तेदार काठावर उभा राहून हुकूम सोडत होता. नावाडी बांबू धरून उभा होता. तो पंचवीस वर्षं त्या धारेत नाव चालवणारा माणूस, मामंजींच्या बरोबरीचा. मी मामंजींना हाताला धरून नावेकडं नेलं, तर गुत्तेदार आडवा आला.

"जागा न्हाई."

"दोघंच हाव," मी म्हणाले.

"एक माणूस मावणार न्हाई. नाव तिकडंच राहणार हाय, शिकार होईस्तवर. परवा या."

"परवा? अन् तोवर आजारी माणसाला घेऊन कुठं बसू?"

"ते मला काय इचारतीस?"

तेवढ्यात नोकरानं दोन्ही कुत्री नावेत घेतली. त्यांच्यासाठी नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकाला, गोणपाट अंथरलेलं होतं. मी ओरडले, "कुत्र्याला जागा हाय आणि ज्यानं तुला वीस वर्षं ज्वारी घातली त्याला न्हाई?" गुत्तेदार म्हणाला, "बाईमाणसानं जास्त बोलू नये." नावाड्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग बांबू पाण्यात रोवला. नाव गेली. मी बघत राहिले. आज मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर तो ह्याचा, की मी नुसती बघत राहिले.

दुपार कलली तसं वारं सुटलं. घाटाची सगळी वाळू उडायला लागली. आडोसा म्हणून एका कोळिणीची खोप होती, तिलाही कूड तीनच बाजूंनी. पट्टीच्या कडांतून वाळू आत जाऊन राहिली होती. मामंजी दोन्ही हातांनी डोळा झाकून बसले होते. शेवटी म्हणाले, "सांगड हाय का बाईपाशी?"

सांगड म्हणजे वाळलेले भोपळे बांधून केलेला तराफा. कोळिणीकडं होती. मी म्हणाले, "मामंजी, पाणी लागायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"अन् वाळू चालती का? चल."

कोळीण पुढं पोहत होती, मी मागून ढकलत होते आणि मामंजी ताठ बसले होते, डोक्यावर गाठोड्यातलं माझं दुसरं लुगडं गुंडाळून. धार छातीभर होती. अर्ध्यात गेल्यावर वाऱ्यानं लाट उसळली आणि त्यांच्या तोंडावर आली. पट्टी चिंब झाली. काठाला लागलो तेव्हा बेटाच्या टोकाला तंबू उभा राहिला होता.

पाचव्या दिवशी डोळा लाल झाला. आठव्या दिवशी पू आला. आता नाव मोकळी होती. परत जालन्याला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्यावर तुटून पडल्या. "तुला तीनदा सांगितलं होतं. तीनदा! कसली माणसं तुम्ही!" डोळा गेला. मामंजी खाटेवरून म्हणाले, "तिला बोलू नका. मी सांगितलं होतं तिला." डॉक्टरीणबाईंना ते कळलं की नाही कोण जाणे.

मालकांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "नशीब." मी चुलीतलं लाकूड त्यांच्या पायापाशी फेकलं. लागलं नाही, पण लागलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. "नशीब न्हाई," मी म्हणाले. "गुत्तेदार, अन् मोटारीतली ती वीस माणसं, अन् तुमी. अन् मी." त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. मला वाटलं, मामंजी नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "पोरी, कधी जायचं?" या वेळेला मालकही आले. मोटारीत डोळे मिटून बसले होते, पण आले.

परत येताना मोटारीत काही झालं नाही. घाटावर आलो तर तीर्थपुरीच्या बाजाराहून आलेल्या आमच्या गावच्या सात-आठ बायका टोपल्या घेऊन वाळूत बसलेल्या. नाव समोर उभी, आणि गुत्तेदार म्हणत होता, "आज नाव पलीकडच्या लग्नाच्या सामानाला लावलीय. वऱ्हाड येऊन राह्यलंय. त्यांचं झाल्यावर बघू."

मी त्याला काही विचारलं नाही. मामंजींचा हात धरला, नावेत चढवलं, मधल्या फळीवर बसवलं. मग बायकांना म्हणाले, "बसा गं."

कोणी उठेना. एकमेकींकडं बघायला लागल्या. मग त्यांतली सगळ्यांत म्हातारी, गावची कुंभारीण, उठली, टोपली नावेत ठेवली आणि आत आली. मग बाकीच्या आल्या. गुत्तेदार नावाड्यावर ओरडला, "बांबूला हात लावशील तर बघ!"

मी बांबू उचलला. मला नाव हाकता येत नव्हती, पण मी तो वाळूत रोवला आणि अंगात होता-नव्हता तेवढा जोर लावला. नाव हलली नाही. गुत्तेदार हसला. मालक काठावर उभे होते, तोंड पांढरंफटक. आणि नावाडी पाण्यात उतरला. कमरेपर्यंत. त्यानं नाळेला खांदा लावला, नाव सुटली, तसा तो आत चढला आणि माझ्या हातातून बांबू काढून घेतला.

"तो तुला काढून टाकील," मी म्हणाले.

"मागल्या टायमाला मी कुत्री नेली," तो म्हणाला. "वर्ष झालं, झोप न्हाई मला."

मालकांनी उडी मारली आणि तेही आत आले. कुंभारीण टोपलीतल्या भुईमुगाच्या शेंगा वाटायला लागली. मामंजींची पट्टी कोरडी राहिली.

दोन दिवसांनी तहसिलीतून बोलावणं आलं. बायकांना कोण बोलावणार? मालकांना बोलावलं. दिवसभर उन्हात उभं केलं आणि संध्याकाळी एकच प्रश्न विचारला, नाव कोणी पळवली. मोटारीला भिणाऱ्या त्या माणसानं सांगितलं, "पळवली न्हाई. आमची ज्वारी हाय तिच्यात." दोन थपडा खाऊन आले. त्या दिवशी मी त्यांना ऊन पाणी दिलं आणि गाल शेकले. पुढं आमचा संसार बरा झाला तो तिथून.

मामंजींचा डोळा चांगला आला. पुढं निजामाचं राज्य गेलं तेही त्यांनी बघितलं, पाण्याचा रंग बघून धार सांगितली आणि माझ्याशी बोलले, भिंतीशी नाही. गुत्तेदारानं त्यानंतर बेटाच्या माणसाला काठावर बसवून ठेवलं नाही. पण नावाड्याला त्यानं तिसऱ्या दिवशीच काढलं, त्याची घाटावरची खोपही मोडायला लावली. आमच्या गावचे पुरुष चावडीत बसले आणि म्हणाले, "आपण कशाला मधी पडायचं?" दुसऱ्या दिवशी तेच पुरुष नव्या नावाड्याच्या नावेत बसून बाजाराला गेले. मालक आणि मी महिनाभर सांगडीनं गेलो-आलो. बाकी कोणी नाही. ज्या बायका त्या दिवशी बसल्या होत्या त्यांनाही घरच्यांनी येऊ दिलं नाही. त्या माणसांना मी कधी माफ केलं नाही. त्यांतले बरेच आता वारले, तरी नाही.

चार वर्षांनी मी कापडाला म्हणून जालन्याला गेल्ते. जिनिंगच्या दारात हमाल कापसाच्या गाठी उतरवून राहिले होते. त्यांत तो नावाडी होता. पाठ वाकलेली, भुवयांवर कापूस. मला ओळखलं. मी काहीतरी बोलायला गेले, चुकलं आमचं, असं काहीतरी. त्यानं मला बोलू दिलं नाही.

"औंदा पाणी किती हाय वं बाई?" त्यानं विचारलं.

"छातीभर," मी म्हणाले.

"वरच्या अंगाला जास्त असंल. नाव तिकडून नेत जा म्हणावं नव्या नावाड्याला." आणि मुकादमानं हाक मारली तसा तो गाठीखाली पाठ द्यायला निघून गेला.