चार वाक्यं, स्वतःच्या आवाजात

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो एकोणीस वर्षं काचा घासत होता. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं, मागे तो आणि त्याचं यंत्र. यंत्राच्या घरघरीत कुणी बोलायला येत नाही, म्हणून ती खोली त्यानं मागून घेतली होती. सगळे त्याला काचवाला म्हणत.

तो तोतरा होता. शब्द घशात अडकला की जबडा आवळला जाई, डोळे घट्ट मिटले जात, मानेची शीर तटतटून वर येई. शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणता आलं नाही म्हणून बाईंनी पहिला महिनाभर त्याची गैरहजेरी मांडली होती. मग दोन इयत्ता पुढे असलेली ताई रोज त्याच्या वर्गाच्या दारात येऊन सांगे, “आलाय तो.”

अकराव्या वर्षी वडिलांनी जुना टेपरेकॉर्डर आणला. सोबत एकच कॅसेट होती, छत्रीवाल्यांची. छत्रीवाले म्हणजे त्या काळचे सगळ्यात मोठे विनोदी नट. मिटलेली छत्री काखेत मारून रंगमंचावर यायचे, नुसतं “बरं का” म्हणायचे आणि माणसं हसून हसून खुर्चीतून घसरायची. पोरानं ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. एकदा जेवताना त्यानं तोच घोगरा, नाकातला आवाज काढला आणि पाच मिनिटं कुठंही न अडता बोलत राहिला. वडिलांना हसून ठसका लागला. आई हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्याच्या आवाजात त्याची जीभ मोकळी होती. स्वतःच्या आवाजात आला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

छत्रीवाले जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा एका दिग्दर्शिकेनं त्यांच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग लिहिला. चारशे प्रेक्षकांसमोर एकदाच करायचा, तीन कॅमेऱ्यांनी टिपायचा आणि पडद्यावर दाखवायचा, असा बेत होता. काचवाल्याची नक्कल तिनं एका हौशी मंडळात पाहिली होती. तीच बारीक मान, तोच पोक. तिनं दुसरं कुणी पाहिलंच नाही. तो तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता.

दोन महिने तालमी चालल्या आणि तालमीच्या खोलीत तो छत्रीवाल्यांच्याच आवाजात बोलला. चहा किती, असं कुणी विचारलं तरी त्याच आवाजात, “अर्धा, बरं का.” दिग्दर्शिका कौतुकानं म्हणायची, “भूमिकेत किती शिरलेत बघा.” आपण हिला फसवतोय, एक दिवस उघडे पडणार, हे त्याला रोज वाटायचं.

चित्रीकरणाला दहा दिवस उरले असताना तिनं त्याच्या हातात एक नवं पान ठेवलं.

“शेवटी छत्री खाली ठेवायची, चष्मा काढायचा आणि तुमच्या स्वतःच्या आवाजात बोलायचं,” ती म्हणाली. “चारच वाक्यं आहेत.”

त्यानं पान वाचलं. ‘मी छत्रीवाले नाही. मी चष्म्याच्या काचा घासतो. मी त्यांना कधी भेटलो नाही. पण त्यांनी मला बोलायला शिकवलं.’ शेवटचं वाक्य तिनं आपलं सहज, छान वाटलं म्हणून लिहिलं होतं. तीन वाक्यांची सुरुवात ‘मी’नं होती, आणि आयुष्यभर सगळ्यात जास्त तो त्याच अक्षरावर अडला होता. त्यानं नुसती मान डोलावली.

त्या आठवड्यात दुकानात त्याच्या हातून दोन काचा तडकल्या. घरी तो न्हाणीघरात नळ सोडून ती वाक्यं म्हणून बघायचा. बादली भरून वाहायची, तरी पहिलं वाक्य संपलेलं नसायचं. शेवटी ताईनं दार वाजवलं.

“काय चाललंय तुझं?”

त्यानं पान दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं.

“सांगून टाक ना त्यांना.”

“स-सांगायचं म्हणजे ब-ब-बोलावंच लागेल की.”

ताईला हसू आलं, मग ते मावळलं. “मी सांगू?”

तो नाही म्हणाला. काम हातचं जाईल ही धास्ती होतीच. पण सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा ताईनं दारात येऊन सांगायचं, हे त्याला नको होतं.

चित्रीकरण दुपारी होतं. ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिला सव्वा तास लोक पोट धरून हसले, आणि प्रत्येक हशासोबत काचवाल्याला वाटत होतं, आपण कड्याकडे आणखी एक पाऊल सरकलो. मग ती वेळ आली. त्यानं छत्री खाली ठेवली, चष्मा काढला. त्याचा नंबर जबर होता. समोरची चारशे माणसं विरघळून नुसता एक करडा डाग उरला.

“म्…”

जबडा आवळला. डोळे मिटले.

लोक हसले. त्यांना ती छत्रीवाल्यांचीच एखादी लकब वाटली. त्यानं पुन्हा जोर लावला, मान थरथरली, आणि हशा दुप्पट झाला. त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता. छत्रीवाल्यांचा आवाज जिभेवर तयार होता. एक “बरं का” टाकलं की सुटका. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, दिग्दर्शिकेलाही कळलं नसतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

पण तो आवाज त्यानं बाहेर काढला नाही. का नाही काढला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

हशा हळूहळू विरला. कुणीतरी शेजारच्याला गप्प केलं. मग जी शांतता पसरली, ती हशापेक्षा भयंकर होती. कॅमेरे चालूच होते.

“म्… म्… मी छ-छत्रीवाले नाही.”

चार वाक्यांना अडीच मिनिटं लागली. शेवटच्या वाक्यात तो ‘बोलायला’वर इतका अडला, की पुढच्या रांगेतली एक बाई नकळत स्वतःच ओठ हलवू लागली.

टाळ्या आधी तुरळक पडल्या, मग खूप. पडदा पडल्यावर तो मागच्या एका लाकडी पेटीवर जाऊन बसला. दिग्दर्शिका धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मला सांगितलं का नाहीत?”

“भी-भीती वाटली.”

ती त्याच्या शेजारी पेटीवर बसली. “माझ्यामुळे झालं हे. उद्या सकाळी रिकाम्या सभागृहात तेवढंच पुन्हा घेऊ. एकेक शब्द घेऊन जोडता येईल, कुणाला कळणार नाही.”

त्याला हो म्हणायचं होतं. सगळं अंग हो म्हणत होतं. तेवढ्यात ताई आत आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती उत्तर त्याच्यावरच सोडून उभी राहिली.

“र-राहू द्या,” तो म्हणाला.

चित्रपट येईपर्यंतचे तीन महिने त्याला झोप नव्हती. फोन करून सांगावं, ते काढून टाका, असं त्यानं कितीदा ठरवलं. पण फोनवर बोलणं तर त्याहून अवघड. चित्रपट आला. लोकांना आवडला. काहींनी शेवट उगाच ताणलाय असं लिहिलं. काहींना तो अभिनय वाटला आणि त्यांनी अभिनयाचं कौतुक केलं.

एकदाच करायचं ठरलेल्या त्या प्रयोगाचे आता इतर ठिकाणी खेळ होतात. दिग्दर्शिकेनं शेवटचं पान काढायची मोकळीक दिली आहे, पण त्यानं ते ठेवलंय. प्रत्येक खेळाआधी त्याला ओकारी होते, आणि ताई बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते.

“कमी झाली का रे भीती?” परवाही तिनं विचारलं.

“न-नाही,” तो म्हणाला, चूळ भरली आणि छत्री शोधू लागला.