उपासाला चालणारा फोटो

कापसाच्या बाजारात दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी अंगरख्याला रुई चिकटलेली असते. कधी चिकटली, कुणाच्या गाडीची, कोण सांगणार! किश्शांचंही तसंच. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकलो ते बाजारात. अमेरिकेतल्या लढाईने आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणला, त्या वर्षांत मी फोटोच्या धंद्यातही भागीदार होतो. आणि खरं सांगतो, कापसापेक्षा जास्त रुई मला तिथे चिकटली!

धंदा असा. अमरावतीच्या परकोटाच्या आत माझी एक वखार होती. भास्करराव मुंबईहून कॅमेरा घेऊन आले. वखार माझी, हुन्नर त्यांचा. काचेवर मसाला ओतायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, की माणूस त्याच काचेवर उमटायचा. तीच काच चौकटीत बसवून गिऱ्हाइकाच्या हातात. एक बैठक, एक काच. दुसरी हवी? पुन्हा बसा!

*

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्याच गावचे पाटील. त्यांना फोटो हवा होता बैलजोडीसोबत. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना चांदीच्या शेंब्या, मध्ये पाटील. आम्ही कॅमेरा अंगणात मांडला.

"हलायचं नाही!" भास्करराव ओरडले.

पाटील पुतळ्यासारखे उभे. डावा बैलही शहाणा. उजव्याच्या कानावर माशी बसली.

काच तयार झाली. पाटील आले छान, डावा बैल आला छान. उजव्याच्या मानेपुढे नुसता धूर!

"याचं डोकं कुठी गेलं?"

"तो हलला, पाटील. माझा काय इलाज?"

पाटलांनी काच परत ठेवली. "बरं. धड माह्या बैलाचंच राहू द्या. डोकं तुमच्या घरचं लावून द्या!"

*

फोटोच्या मसाल्यात कापूस असतो, हे मला भास्कररावांनी सांगितलं तेव्हा मी उडालोच! तेजाबात मुरवलेला कापूस, तो पुन्हा कसल्याशा उग्र अर्कात विरघळवलेला. मी ही बातमी आमच्या बबन दलालाला सांगितली. बबन म्हणजे बाजाराचा भोंगा. त्याचं तोंड बंद असलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याचा फोटोही कधी धड आला नव्हता. दर वेळी तोंडाच्या जागी दोन-तीन तोंडं!

बबन धावत आला. "कोन्या गावचा माल हाये, पाहू द्या मले!"

त्याने बाटलीत बोट घातलं, चिकट धागा ओढून पाहिला. "बारीक हाये, पन ताकद हाये." मग त्याने बाटलीला नाक लावलं आणि दमदार श्वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे मिटले आणि गडी खुर्चीत गपगार!

भास्कररावांनी तेवढ्यात काच सरकवली. बबनचा एक तोंडाचा असा तो एकच फोटो.

*

मग अकोल्यात फोटोची एक कंपनी आली. रेल्वेच्या कामावरच्या साहेबांमागोमाग आली आणि तिने तिथे दुकान थाटलं. तिची तऱ्हाच नवी! काच स्वतःजवळ ठेवायची आणि तिच्यावरून कागदावर हवे तेवढे फोटो काढून द्यायचे. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खिशात मावणारे. आमची गिऱ्हाइकं गाड्या जुंपून अकोल्याला निघाली!

भास्करराव मात्र ढिम्म. "माणूस एक, तसबीर एक. माणसाच्या कसल्या नकला करता?"

तेव्हा पाटील समोर बसलेले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मले तीन लेकी हायेत. तिघीबी सासरी. तिघीलेबी बापाची तसबीर पाहिजे. तुमची एक काच कशी वाटू? फोडून?"

पाटलांनी दुसऱ्याच दिवशी अकोल्याची वाट धरली.

*

मी व्यापारी माणूस. शेजारच्या दुकानात काय चाललंय ते पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. कापसाच्या कामाने अकोल्याला गेलो, तेव्हा गिऱ्हाईक बनून कंपनीत शिरलो. मागच्या अंगणात डोकावलो, तर कोंबड्याच कोंबड्या!

कंपनीच्या एजंटाला विचारलं, "फोटोवाल्याला कोंबड्या कशाला?"

"कागदाला अंड्यातलं पांढरं लावतो ना, शेठ! म्हणून तर ही चमक!"

"आणि पिवळं?"

त्याने आपल्या कारागिरांकडे बोट केलं. "पाहा ना, कसे गुटगुटीत झालेत!"

अमरावतीला परतल्यावर मी हे फक्त बबनला सांगितलं. म्हटलं, "कोणाले सांगू नको."

त्याने छातीवर हात ठेवला. "शेठ, कोणाले नाही सांगत मी!"

पुढच्या बाजाराला अकोल्याचा एक गाडीवान माझ्याच कानाशी लागला, "शेठ, ऐकलं का? त्या फोटोत अंडं असते म्हन्ते! पन कोणाले सांगू नका!"

अकोल्यात हाहाकार! एका शेठजींनी आपला फोटो हौसेने देवघरात मांडला होता. त्यांनी तो शुद्ध करायला गोमूत्रात बुडवून ठेवला. संध्याकाळी पाहतात तर पुठ्ठा एकीकडे, शेठजी एकीकडे!

*

आमची वखार पुन्हा भरली. भास्करराव मिशीतल्या मिशीत हसत होते. पण कंपनीचा एजंट बिलंदर निघाला! त्याने अंडं सोडलं आणि कागदाला तवकिरीची खळ लावली. तीच तवकीर, जिची लापशी आपण एकादशीला खातो! दुकानावर पाटी झळकली: "येथे उपासाला चालणारा फोटो काढून मिळेल."

दारातच तवकिरीची वाटी ठेवलेली. शंका असेल त्याने चिमूट तोंडात टाकून पाहावी. रांगेत पहिले कोण? तेच पुठ्ठ्यावरून निघालेले शेठजी!

मी भास्कररावांना म्हणालो, "हा माणूस गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. आता आपण कागद धरायचा, नाही तर दिवाळीनंतर वखारीत सरकी भरायची. बोला!"

ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून बसले. बाहेरच येईनात!

*

त्याच सुमारास त्यांची मुलगी सासरी निघाली, अकोल्यालाच. वखारीत तिच्या आईसोबत तिची एक तसबीर काढलेली होती, फार सुरेख. निघताना आई म्हणे, मी ठेवते. मुलगी म्हणे, मी नेते. दोघींनी दोन कडा धरलेल्या. आई सोडेना, मुलगी सोडेना. काच कुणाचीच राहिली नाही.

भास्कररावांनी तुकडे गोळा केले. मग बायकोला म्हणाले, "तूही चल. गाडीत बस."

मलाही अकोल्याला काम होतं. वाटेत मूर्तिजापूरला मुक्काम झाला. अकोल्यात शिरताच त्यांनी गाडी थांबवली ती थेट कंपनीच्या दारात! एजंट पाहतच राहिला.

"मायलेकींचा फोटो काढायचा आहे," भास्करराव म्हणाले. "दोन प्रती."

मायलेकी खुर्च्यांवर बसल्या. दोघींचे डोळे भरलेले, पण जरा म्हणून हलल्या नाहीत.

एजंटाने अदबीने विचारलं, "कागद कुठला देऊ? आपल्यासाठी उपासाचाच ना?"

भास्कररावांनी दोन्ही कागदांचे नमुने मागून घेतले, खिडकीशी नेले, उजेडात तिरपे करून पाहिले. हा सोवळ्यात जेवणारा माणूस!

"अंड्याचा द्या," ते म्हणाले. "डोळ्यातलं पाणी यातच दिसतं."

परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी मी सकाळी वखार उघडायला गेलो, तर मागच्या अंगणातून आवाज: कुकूच कू! धावत गेलो. भास्करराव उपरण्याने नाक बांधून, मान वळवून, वाटीत पांढरं आणि पिवळं वेगळं करत बसलेले!

आणि कुंपणापलीकडे बबन दलाल. त्याने कोंबड्यांकडे पाहिलं, भास्कररावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. छातीवर हात ठेवून म्हणाला,

"शेठ, काळजी नका करू. कोणाले नाही सांगत मी!"