आभाळाकडे बघणाऱ्या काकू

न्यूझीलंडचं आभाळ आजवर कुणाला वचकून असेल, तर ते फक्त आमच्या शेजारच्या काकूंना. एरवी या देशातली हवा आपल्या मर्जीने चालते. सकाळी ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी पुन्हा ऊन, आणि जाब विचारणारं कुणी नाही. काकू मात्र विचारायच्या. हॅमिल्टनला आमच्या घराला लागूनच त्यांच्या मुलाचं घर होतं. मी गावाबाहेरच्या ‘ते रापा’ भागात दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर, त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवाला. दोघंही पुण्याचे, आणि बाहेर पाऊस पडतोय हे दोघांनाही पार्किंगमध्ये आल्यावरच कळायचं. काकू दरवर्षी पुण्याचा उन्हाळा चुकवून इकडे यायच्या आणि इथला अख्खा हिवाळा काढून परत जायच्या. इतरांचे आईवडील इथे आले की मंदिर, मॉल आणि नातवंडं यांत रमतात. काकू नातीला शाळेत सोडून परत येताना जी मान वर करायच्या, ती कणीक मळायची वेळ होईपर्यंत खाली यायची नाही. नात वैतागायची. “आजी, इट्स जस्ट अ क्लाउड!” त्यावर काकू गंभीरपणे म्हणायच्या, “जस्ट क्लाउड असा कुठला नसतो गं. प्रत्येकाच्या मनात काहीतरी असतं.”

त्यांचा पोशाखही या कामाला साजेसा होता. सहावारी साडी, वर मुलाचं गुडघ्यापर्यंत येणारं रेनजॅकेट आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. थंडी वाजते म्हणून मोजे, आणि जँडल्सचा पट्टा अंगठ्यात बसावा म्हणून त्या मोज्यांना कात्रीने पाडलेलं भोक. छत्री त्यांनी जन्मात घेतली नाही. “छत्री घेतली की माणूस वर बघायचा थांबतो,” असं त्यांचं म्हणणं. आमच्या गल्लीतल्या यच्चयावत बायका कपडे वाळत घालण्याआधी कुंपणापलीकडून काकूंना विचारायच्या. पश्चिमेकडून काही यायला लागलं की काकू रस्त्यावर उतरायच्या आणि दारोदार “वॉशिंग! वॉशिंग! टेन मिनिट्स!” अशी आरोळी ठोकत जायच्या. कोपऱ्यावरच्या डेअरीचा, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानाचा, मालक तर त्यांचा आवाज ऐकून फुटपाथवरचे भाज्यांचे खोके आत घ्यायचा. कधी अंदाज चुकला तर काकू ओशाळायच्या नाहीत. चूक ढगाची असायची. “मघाशी येतो म्हणाला होता. शब्द फिरवला मेल्याने,” एवढंच म्हणून आत जायच्या. पण मराठी मंडळाच्या सहलीला त्यांनी गारा पडणार असं सांगितलं, अध्यक्षांनी आकाशातलं लख्ख ऊन दाखवून त्यांना हसण्यावारी नेलं, आणि जेमतेम पंगत बसतेय तोच श्रीखंडात गारा पडल्या, तेव्हा शब्द पाळल्याबद्दल त्यांनी ढगाला हात जोडले. अध्यक्षांकडे पाहिलंही नाही. त्यांच्या पानात गारांसकट आणखी एक चमचा श्रीखंड तेवढं वाढलं.

अशा काकूंना हवामानवेड्या मंडळींचा पत्ता लागला तो लायब्ररीतल्या फळ्यावरच्या एका कागदामुळे. त्यांना गाडीने नेऊन सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मुलाला वेळ नव्हता आणि सुनेला हे पसंत नव्हतं. ही मंडळी म्हणजे सहा गोरे, धिप्पाड, पिकलेल्या दाढ्यांचे पुरुष. त्यांच्यातल्या एकाच्या गॅरेजमध्ये ती जमायची. हा एके काळी दुधाचा टँकर चालवायचा, आता निवृत्त. काकू चिवड्याचा डबा घेऊन आत शिरल्या तेव्हा सहाही जण उठून उभे राहिले, आणि त्या निघाल्या तेव्हा डबा रिकामा होता. महिन्याभरात “काकू” हेच आपलं नाव आहे अशा थाटात त्या तिथे वावरू लागल्या. टँकरवाला त्यांच्या प्रत्येक अंदाजावर “स्वीट ॲज, काकू!” म्हणायचा. काकू पहिले काही दिवस पुढचा शब्द येईल म्हणून वाट बघत राहायच्या, मग मला हळूच म्हणाल्या, “स्वीट ॲज काय रे? वाक्य पुरं का करत नाहीत हे लोक?” इथल्या बोलीत ते पुरंच असतं, झकास म्हणावं तसं. मंडळींचा आपापसात ईमेल चालायचा. काकू एका बोटाने टाईप करायच्या. त्यांचा निरोप ठरलेला असायचा: बिग क्लाउड. वेस्ट. गो आउट. आणि सहा घरांतले सहा दाढीवाले खरोखर बाहेर यायचे.

एक गोष्ट मात्र काकूंना आयुष्यात एकदा तरी बघायची होती, ती म्हणजे टॉर्नेडो. सोलापूरकडच्या त्यांच्या गावी लहानपणी एका वावटळीने वाळत घातलेलं वडिलांचं धोतर उचलून वेशीबाहेरच्या बाभळीवर नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासून हे खूळ. “ती वावटळ म्हणजे पिल्लू. मला तिची आई बघायचीय,” असं त्या म्हणायच्या.

ती आई आली एका हिवाळ्यात, तारानाकीच्या किनाऱ्यावर. दुपारपासूनच मंडळींच्या ईमेलची झुंबड उडाली होती. समुद्रावरून एकामागून एक वादळं जमिनीवर चढत होती, आणि त्यांतल्या तीन-चार ढगांनी सोंडा खाली सोडल्या होत्या. मी कामावरून येऊन शेजारी डोकावतो तो काकू कॉम्प्युटरपुढे, डोळे लकाकतायत, पोळ्यांचा तवा उतरवून ठेवलेला. “अरे, ये ये, बघ! आली!” रडारच्या चित्रावरचा लाल ठिपका किनारा ओलांडताना त्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात टीव्हीवर बातमी लागली. घरांची छपरं गेली होती, शेडच्या शेड उपटल्या होत्या, आणि गाई बघायला बाहेर पडलेला एक शेतकरी मेला होता. काकूंचे हात तसेच एकमेकांवर राहिले. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि निमूटपणे पोळ्या करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळी तिकडे निघाली. वारा कुठून कसा गेला, काय कुठे फेकलं, हे बघून टिपणं करायची, फोटो काढायचे, असा त्यांचा रिवाज. सून म्हणाली, “आई, तुम्ही कशाला?” काकू म्हणाल्या, “काल टाळ्या मी वाजवल्यात. मला गेलं पाहिजे.” आणि एवढ्या दशम्या करायला घेतल्या की सुनेने शेवटी मुकाट्याने लाटणं हातात घेतलं.

माझ्या गाडीत दशम्या, चहाचे दोन मोठे थर्मास आणि सुनेचे गमबूट घालून बसलेल्या काकू. वाटेतल्या मोकाउ गावाच्या पुढे समुद्र दिसायला लागला तरी त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. वादळाने झोडपलेल्या गावात पोचलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते घर नव्हतंच, नुसता घराचा चौथरा होता. पलीकडे गोठ्याची एक भिंत उरली होती आणि तिला टेकून एक उंच, वयस्कर माओरी बाई उभ्या होत्या. मेलेला शेतकरी त्यांचा नवरा. आमच्या दाढीवाल्यांच्या गळ्यांतल्या कॅमेऱ्यांकडे बघत त्या शांतपणे म्हणाल्या, “फोटो काढायला आलात?”

टँकरवाल्याने मान खाली घातली. काकू चिखलातून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “येस.”

मला वाटलं, संपलं सगळं.

“येस. होल लाइफ आय वॉन्टेड टु सी. टुडे आय ॲम अशेम्ड. माय हजबंड ऑल्सो गॉन, मेनी इयर्स. यू टेल मी, व्हॉट टु फाइंड? वी नो द विंड. वी विल फाइंड.”

बाईंनी भिंतीवरची पाठ काढली. मग म्हणाल्या, “त्याचे फोटो. एक सबंध भिंत भरून होते. भिंतच गेली.” आणि पुढे येऊन, त्यांच्या रीतीप्रमाणे, काकूंच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवून थांबल्या. दोघी बाजूला झाल्या तेव्हा काकूंच्या कपाळावरचं कुंकू थोडं त्या बाईंच्या कपाळाला लागलं होतं. मी घाबरून कुजबुजलो, “काकू, त्यांच्या कपाळाला कुंकू लागलंय. पुसायला सांगू का?” काकू म्हणाल्या, “कशाला? मी तरी कुठे पुसलं होतं?”

कॅमेरे गाडीत गेले. टँकरवाल्याने बॉनेटवर नकाशा पसरून वादळाची वाट आखली. “अगदी उफणणीसारखं,” काकू म्हणाल्या, “जड दाणा पायाशी पडतो, फोलपट वाऱ्याबरोबर पुढे जातं.” मी इंग्रजीत समजावलं तसा टँकरवाला जोरजोरात मान हलवायला लागला. मग सहाही जण ओल्या कुरणांतून रांग धरून चालत सुटले. तारांच्या कुंपणांत, झुडपांत, परक्यांच्या शेततळ्यांत फोटो अडकले होते. एका घरचे नव्हे, गावातल्या सगळ्याच घरांचे. गावच्या हॉलमध्ये काकूंनी टबात स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो चिखलातून सोडवला आणि दोरीला चिमट्यांनी लावला. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव दोरीवर वाळत होतं: लग्नं, बारशी, रग्बीचे संघ, बक्षीस मिळालेली गाय. लोक येत होते, शोधत होते, दशमी खात होते, मधूनच एखादा फोटो उतरवून छातीशी धरत होते. मंडळी पुढचे कित्येक शनिवार तिकडे जात राहिली. त्या बाईंची सबंध भिंत काही परत मिळाली नाही. लग्नातला एक फोटो मिळाला, एक कोपरा फाटलेला. नवरदेव फ्रेमबाहेरच्या कुणाकडे तरी बघून खदखदा हसत होता.

पुढच्या हिवाळ्यात गावाने आम्हाला बोलावलं. एका आजोबांनी माओरीत भाषण केलं, त्यांच्या माणसांनी गाणं म्हटलं, आणि मग आमची पाळी आली. पाहुण्यांनीही गायचं असतं. सहा दाढीवाले एकमेकांकडे बघायला लागले. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या आणि आईच्या तोंडून ऐकलेली जात्यावरची एक ओवी त्यांनी खड्या आवाजात म्हटली. त्यांच्यामागे ते सहा जण भिंतीसारखे उभे राहून, एक अक्षरही न कळता, हुं हुं करत सूर धरत होते. मी काकूंचा मुलगा नाही की भाचा नाही. पण शेजारच्या माणसाने “ह्या कोण?” असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून आपोआप गेलं, “आमच्या काकू.” असा ताठ मी स्वतःच्या बढतीच्या दिवशीही उभा राहिलो नव्हतो.

त्यानंतर दोनच हिवाळे त्या आल्या. मग गुडघ्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून प्रवास बंद केला. टॉर्नेडो त्यांनी पाहिला नाही, आणि पुन्हा कधी त्याचं नावही काढलं नाही. त्या गेल्याचं पुण्याहून कळलं तेव्हा मी सरळ टँकरवाल्याकडे गेलो. त्याने बाकीच्यांना फोन केले. तासाभरात सगळे त्याच्या अंगणात जमले, आणि काय करायचं कुणालाच न सुचून, आम्ही सातही जण मान वर करून उभे राहिलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ निळं आकाश होतं, कुठे म्हणून ढगाचा ठिपका नाही. काकूंना असलं आभाळ मुळीच आवडायचं नाही.